गळ्याभोवतीचे दोन वेढे

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. तेजूने मला तशी शपथ घातली होती, आणि मी पडले तिची ओढणी. पण आता त्याला वर्ष झालं. खुंटीवर लटकून गप्प तरी किती बसायचं?

मी दिंडोरीच्या बाजारात कादरभाईंच्या कटपीसच्या ढिगात होते. साधनाताईंनी मला गालावर घासून पाहिलं आणि म्हणाल्या, "मऊ हाय. पोरीचं नाक सोलवटायचं नाय."

त्यांची तेजस्विनी तेव्हा सातवीत होती. गाजर गवत फुललं की तिच्या शिंका थांबत नसत. शाळेच्या मैदानाकडेला तर ते कमरेएवढं वाढायचं. मला नाकावर बांधून ती लांबून खो-खो बघायची, आणि कोण कुठे चुकतंय ते मला हळूच सांगायची. तिचं सगळं बोलणं आधी मला ऐकू यायचं. फार चांगले दिवस होते ते.

नववीत तिला संघात घेतलं. तालुक्याचे सामने दोन महिन्यांवर होते. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, ज्याची ॲलर्जी त्याचंच इंजेक्शन थोडं थोडं वाढवत द्यायचं. दर आठवड्याला एक घेतलं तर पाच-सहा महिने लागतील. लवकरची पद्धतही आहे: एका फेरीत दोन-तीन, मध्ये अर्धा अर्धा तास बसायचं, आणि अंगावर काही उठलं तर लगेच सांगायचं. तेजूने लवकरची मागितली.

तिसऱ्या फेरीला, दुसऱ्या इंजेक्शननंतर, तिच्या मानेवर गांधी उठल्या. तिने गळ्याभोवती माझे घट्ट दोन वेढे दिले आणि पुटपुटली, "सांगू नको हं. डोस थांबवतील."

मान नुसती तापली होती. मी कापड, मी काय करणार?

साधनाताई शेजारीच होत्या. "नाकावरची ओढणी आज गळ्याला का गं?"

ताईंनी स्वतः वेढे सोडले, पाहिलं आणि सिस्टरांना हाक मारली. औषध दिलं, पुढचं इंजेक्शन रद्द झालं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं.

परतताना बसमध्ये ती माझ्यात तोंड खुपसून रडली. "सामने गेले माझे."

"सामने पुढल्या वर्षीबी होतील," ताई म्हणाल्या. "मला तू लागतीस."

ते सामने तिने माझ्याआडूनच पाहिले. डोस मग बेताने वाढवला. आता महिन्याला एकच इंजेक्शन असतं. यंदाही गवत फुललंय, पण ती उघड्या तोंडाने शाळेत जाते. मला आनंदच आहे. फक्त तिचा ऊनऊन श्वास आठवतो, बामाचा वास आठवतो. तुमच्याकडे अशी एखादी ओढणी असेल तर तिचं लगेच फडकं करू नका. तिला अजून

"आई, माझी जुनी ओढणी कुठंय? कमरेला बांधायचीय. आज सामन्यात पहिल्या तुकडीत मी पळणार हाय."

अगं तेजू, इथंच, दारामागं, मी कधीची