शिवी आली म्हणजे जिवंत

साहेब, माझा धाकटा भाऊ दारूनं मेला असं तुम्ही कागदावर लिहिलंत. खोटं लिहिलंत. तुम्ही मारलंत त्याला.

भर दुपारी दारूच्या दुकानासमोर तो बरळत होता. मी त्याला घरी न्यायला पोचतोय तोच तुमच्या शिपायानं त्याच्या कानशिलावर काठी घातली. मी मधे पडलो, म्हणून मलाही उचललं. मी एक थेंब घेतला नव्हता, सगळं पाहिलंय. फरपटत नेताना त्याचं डोकं चौकीच्या उंबऱ्यावर आपटलं. हात मागं बांधून त्याला कोठडीत उताणा टाकला. मला शेजारच्या.

भिंतीवर तुमचाच नियम रंगवलाय: प्यालेल्याला कुशीवर निजवा, दर पंधरा मिनिटांनी हलवून जागं करा. त्या अक्षरांवर शिपायाचा ओला शर्ट वाळत होता.

"शिपाईदादा, त्याला कुशीवर वळवा हो, घशात घरघर वाजतेय."

"घोरतोय लेकाचा. मेलेला कधी घोरतो का?" शिपाई टेबलावरूनच म्हणाला. "पाळणा पण हलवू का?"

त्याची तपासणीची रीत अशी, की खुर्ची सोडायची नाही. कोठड्यांकडे जाणारं लोखंडी दार हाताशीच, त्यावर काठी आपटायची. आतून शिवी आली की प्यालेला जिवंत. वहीत खूण.

काठी वाजली, मी संतापून आईवरून शिवी हासडली. परत वाजली, बापावरून.

"बेवड्यात दम आहे बघ अजून!" शिपाई जोडीदाराला म्हणाला.

तेव्हा कुठं उमगलं. माझ्या शिव्यांवर धाकटा जिवंत धरला जात होता! "अरे, तो मी ओरडतोय!" म्हणालो, तर दोघं खिदळले. त्याचीही खूण झाली असणार.

मग ओठ चावून गप्प बसलो. आवाज आला नाही, तर बघायला तरी येतील.

काठी वाजली. कुणी बोललं नाही.

"झोपला एकदाचा," शिपाई म्हणाला.

पलीकडची घरघर थांबली होती. मी दोन्ही हातांनी गज धरून गदागदा हलवले, घसा फुटेस्तोवर ओरडलो. तेव्हा शिपाई उठला. माझ्यापाशी आला आणि गजांवरच्या माझ्या बोटांवर काठी घातली. चार वेळा. दोन बोटांची हाडं बाहेर आली. तो परत जाऊन बसला.

संध्याकाळी धाकट्याचं दार उघडलं, तेव्हा तोंड ओकारीनं भरलेलं, ओठ काळेनिळे.

माझ्या दारापासून त्याचं दार तीन पावलांवर आहे, साहेब. बोटं फोडायला आलेला माणूस ती तीन पावलं का चालला नाही? चौकशी चालू आहे, हे ऐकवू नका. उत्तर द्या.