धाकटीची ओ

या आठवड्यात जमीन पुन्हा हलायला लागली आहे. हादरा बसला की आम्ही अंगणात धावतो आणि घरातली थोरली बाई एकेकाला हाक मारते. ज्याने त्याने ओ द्यायची, ही आमची जुनी रीत. आता थोरली मीच.

आज दुपारी सगळ्यांनी ओ दिली. मग माझ्या तोंडून आपसूक निघालं, "धाकटे!" माझी धाकटी बहीण आमच्या लहानपणीच्या भूकंपात घराखाली गाडली गेली.

आतून ओ आली.

मी दाराकडे धावले. लेकाने दंड धरला. "आई, वेड लागलंय का? भिंत बघ, कशी फुगलीय!"

"अरे, तिने ओ दिली."

सून पांढरीफटक पडली होती. "मलाही ऐकू आली," ती पुटपुटली.

तरी लेक सोडेना. शेवटी मी तिथूनच ओरडले, "तूच बाहेर ये गं, मला येऊ देत नाहीत."