टाळू भरायचं तेल

खपल्या.

तान्ह्या शरूच्या डोक्यावर. पिवळ्या, तेलकट, वाळल्या भाकरीच्या पापुद्र्यासारख्या. रत्नम्मा सकाळी बघायची, दुपारी बघायची, कुंची सारून पुन्हा बघायची. बघून खपल्या जात नसतात. तरी हात तिथंच.

"तुझ्या दुधात उष्णता हाय," सासू सिद्धम्मा म्हणाली. "सोमवारपस्तोर बघते. मग अंगावरचं तोड अन् बकरीचं चालू कर."

बकरीचं दूध, त्यात टँकरचं पाणी. खाली बोटभर गाळ बसायचा त्या पाण्याच्या. मागच्या महिन्यात गल्लीतलं एक लेकरू वरच्या दुधावर होतं; जुलाब लागले, गेलं. रत्नम्माचा जीव थाऱ्यावर राहीना. चुलीपुढं बसली की उठायची. उठली की पाळणा.

एकदा नख लावलं. खपली निघाली, खाली रक्ताचा ठिपका. पोरीनं घर डोक्यावर घेतलं.

"आई म्हणं ही," सिद्धम्मा भिंतीला म्हणाली.

नवरा शिवलिंग म्हणाला, "लातूरला दाखवून ये की. आता जिल्हा झालाय." जिल्हा झाला म्हणजे खपल्या गळणारच होत्या जणू.

औशाहून एस्टी. धूळ. मांडीवर शरू, खिडकीबाहेर नुसती काळी, फाटलेली रानं. मागच्या बाकावर कुणीतरी अजून उस्मानाबादलाच जिल्हा म्हणत होतं आणि दुसरा त्याला हसत होता. रत्नम्मा सोमवार मोजत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कुंची काढली.

"डोक्याला काय लावता?"

"टाळू भरतो जी. अव्वा भरतात, सासूबाई. करडीचं तेल, रोज."

"आणि धुता कधी?"

रत्नम्मा म्हणाली, "पाणी कुठाय, बाई. फडक्यानं पुसून घेतो."

"म्हणून साचलंय. या खपल्या लई लेकरांना येतात, आपोआप जातातही. दुधाचा काही संबंध नाही. अंगावरचं तोडू नका. नख लावू नका. थोडंसं तेल चोळायचं, खपली मऊ झाली की फडक्यानं हलकेच सोडवायची, अन् साबणानं सगळं तेल धुऊन काढायचं. तेल तसंच राहिलं तर वर धूळ बसते, थर वाढतो. दोन-तीन दिवसांआड करा. लाल झालं, पाणी सुटलं, अंगावर पसरलं तर घेऊन या."

तेल होतं. धुणं नव्हतं. इतके दिवस घरात अर्धाच इलाज चालला होता, तोही रोज, मायेनं.

सोमवार उजाडला.

घरात प्यायची एक घागर. आणि एक बादली, सासरे बसलिंगप्पांची. अंघोळ नाही तर लिंगपूजा नाही, पूजा नाही तर तोंडात घास नाही. ती बादली कुणी मागत नसे. रत्नम्मा न्हाणीच्या दारात उभी राहिली. आत गेली. बाहेर आली. पुन्हा उभी.

"अप्पा, शरूचं डोकं धुवायचंय."

"सासऱ्याच्या अंघोळीचं पाणी मागती," सिद्धम्मा म्हणाली. "ऐका आता."

बसलिंगप्पांनी बादलीकडं बघितलं. मग देवळीतली भस्माची वडी उचलली.

"भस्माची बी अंघोळ असती, सिद्धी."

"कुठल्या शास्त्रात?"

"दुष्काळाच्या."

रत्नम्मानं दोन बोटं तेल चोळलं. थांबली. थांबणं सगळ्यात अवघड. नखं आपोआप खपलीकडं वळायची, ती मूठ मिटायची. मग सासऱ्याच्या जुन्या धोतराचं मऊ फडकं. हलकेच. खपली सुटली, सोबत चार केस. परातीत बसवून साबण लावला, तांब्यानं बेताबेतानं पाणी सोडलं. परातीत पिवळट तवंग आला.

सिद्धम्मा लांब बसली होती. मग जवळ बसली. मग वाकली. खाली जखम नव्हती, गुलाबी कातडं होतं. कडेला थोड्या खपल्या अजून चिकटून.

"समद्या न्हाई गेल्या," ती म्हणाली.

"न्हाई, अव्वा."

शरू रडायला लागली. सिद्धम्मानं तिला टॉवेलात गुंडाळलं, छातीशी धरलं, टाळूचा वास घेतला. सवयीनं हात तेलाच्या वाटीकडं गेला. वाटीपाशीच थांबला.

"घे," तिनं पोर रत्नम्माच्या ओटीत दिली. "भुकेली हाय."

शरू चुटूचुटू प्यायला लागली. रत्नम्मा भिंतीला टेकली, पण नजर टेकेना. बादली पालथी होती, आणि गुरुवारी पुन्हा धुवायचं होतं.