देशाचा रकाना

१९५७ च्या डिसेंबरात आखातातल्या अहमदीच्या तेल-वसाहतीत मुष्टियुद्धाचे सामने ठरले आणि खेळाडूंची तपासणी इद्रीस परकारच्या गळ्यात पडली. तो दवाखान्यात कंपाउंडर होता. वजन, नाडी, वय, देश असं सगळं तो कार्डावर उतरवी. रिंगमध्ये नावं पुकारली जात ती याच कार्डांवरून.

ब्रोन्युस नावाचा वेल्डर काट्यावर चढला. वजन एकशे सत्त्याहत्तर पौंड, नाडी अठ्ठावन्न, नाक दोनदा मोडलेलं. देश विचारला तर म्हणाला, लिथुआनिया.

इद्रीसने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. त्याने खोदून खोदून विचारलं. ब्रोन्युसने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, बाल्टिक समुद्राकाठी आहे. चौदाव्या वर्षी तिथेच हातमोजे चढवले. चव्वेचाळीस साली रशियन फौजा पुन्हा आल्या, देश रशियात जमा झाला, तेव्हा तो पळाला. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत पातळ सूप पिऊन एकतीस लढती खेळला, एकोणीस जिंकला. पुकारताना कुणी त्याला रशियन म्हटलं, कुणी बिनदेशी. वसाहतीत पस्तिशीनंतर रिंगमध्ये उतरायला बंदी होती, आणि त्याला महिन्याभरात पस्तीस पूर्ण होणार होती. ही शेवटची लढत त्याला आपल्या देशाच्या नावाने खेळायची होती. इद्रीसने रकान्यात स्वच्छ अक्षरात लिथुआनिया लिहिलं.

कँटीनमधला गफूर इद्रीसच्याच गावचा, मुरुडचा. तो हसला. "नकाशात नाय तो मुलूख कार्डावर लिवतोस व्हय? उद्या स्वतःच्या नावापुढं जंजिरा संस्थान लिवशील."

"जन्मलो तिथंच ना मी? संस्थान मुंबई राज्यात गेलं म्हणून माझा जन्म मुंबईत झाला काय?"

गफूरने त्याच्या ताटात माशाची आणखी एक तुकडी वाढली.

सामन्याच्या दिवशी दुपारी क्रीडाविभागाच्या साहेबाने कार्डं चाळली. असा देश यादीत नाही म्हणत त्याने ते नाव खोडलं आणि वर 'रशिया' लिहिलं. इद्रीसने हरकत घेतली. कंपाउंडरने नाडी बघावी, असं उत्तर मिळालं. इद्रीसने ब्रोन्युसला आधीच सांगून ठेवलं, म्हणजे तो बेसावध राहू नये.

ब्रोन्युस हातांना पट्ट्या गुंडाळत राहिला.

संध्याकाळी भोंग्यातून "रशिया" पुकारलं गेलं. घंटा वाजली. समोरचा इंग्रज फिटर मधोमध आला. ब्रोन्युस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिला. पंचाने आकडे मोजायला सुरुवात केली. लोक ओरडले, कुणी भित्रा म्हणालं. पाचाला ब्रोन्युसने पाय लांब केले. आठाला घडी घातलेला टॉवेल मांडीवर नीट ठेवला. दहा झाले. मग तो उठला, फिटरचा हात स्वतः वर धरला आणि दोरांतून खाली उतरला.

रिंगखालच्या टेबलावर इद्रीस निकाल भरत होता. 'पराभव' लिहून कारणाच्या रकान्यात त्याने उतरवलं: देश चुकीचा पुकारल्यामुळे लिथुआनियाच्या खेळाडूने लढायला नकार दिला. खाली पूर्ण नावानिशी सही केली.

साहेब मागे येऊन उभा होता. हे खोडायला त्याने फर्मावलं. नाहीतर उद्यापासून दवाखाना विसर, म्हणाला.

इद्रीसने पेनाचं टोपण लावलं.

"डोळ्यांदेखत घडलेलं लिहिलंय, साहेब. बदलायचं असेल तर सामना पुन्हा लावा. या वेळी नाव बरोबर पुकारा."