फायनलमधलं कुत्रं

मानसशास्त्रातला स्मृती आणि विस्मृती हा पाठ क्रांती दर वर्षी बारावीला शिकवायची आणि पोरं तो दर वर्षी विसरायची. यंदा तिनं फळा सोडला आणि मोबाइलवर श्रुतिका केली.

गोष्ट घरातलीच घेतली. तिचे वडील हंबीरराव एकेकाळी कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर. फायनलला शेवटच्या मिनिटाला आलेला साधा बॉल त्यांच्या दोन पायांतनं जाळीत गेला. पेठेतली माणसं उसनी नेलेली शिडी विसरतात, आजाऱ्याला भेटायला जायचं विसरतात. हा गोल मात्र कुणी विसरलं नाही. तालमीच्या कट्ट्यावर हंबीररावांना जागा मिळायची ती गटारीच्या बाजूची.

श्रुतिकेत क्रांतीनं सगळं खरं ठेवलं, एकच गोष्ट पदरची घातली: बॉल येताना गोलपुढनं एक कुत्रं भुंकत पळालं. ऐकलेलं खोटं आठवणीत कसं घर करतं, हे तिला आठवड्यानं पोरांना दाखवायचं होतं. भुंकायला कोणी मिळेना, तेव्हा हंबीरराव स्वतः भुंकले. पहिल्यांदा त्यांचं त्यांनाच पसंत पडलं नाही, म्हणून पुन्हा भुंकले.

पोरांनी श्रुतिका घरी पाठवली, घरनं ती पेठेच्या ग्रुपवर गेली, आणि बघता बघता कट्ट्याला कुत्रं आठवलं.

"तांबडं हुतं," त्या टीमचा जुना बॅक कृष्णात म्हणाला.

"काळं! मला चावलंय की!" विजयसिंहानं पोटरीवरचा व्रण उघडून दाखवला. त्याच्या बायकोच्या माहितीप्रमाणे तो मोटारसायकलच्या सायलेन्सरचा होता.

"अन् आपण हंबीऱ्याला उगंच बोलत बसलो!" कट्टा हळहळला.

हंबीररावांना कट्ट्याची मधली जागा मिळाली, चहाचा पहिला कपही. माणूस शीळ घालत घरी येऊ लागला.

क्रांतीची आता पंचाईत झाली. कुत्रं खोटं होतं हे सांगितलं नाही तर पाठ अर्धाच राहणार. सांगितलं तर आबा पुन्हा गटारीकडं.

"आबा, उद्या वर्गात कुत्र्याचं सांगू?"

हंबीरराव दाढी करत होते. "सांग की. माझ्यापायी पोरं अर्धवट शिकू देत व्हय?" मग आरशाकडं बघत म्हणाले, "बरं वाटलं तेवढं."

तिनं सांगितलं. वर्ग हसून लोळला. हा पाठ आता कुणी विसरणार नव्हतं. पण पोरांच्या तोंडून कट्ट्याला कळण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून संध्याकाळी ती आबांबरोबर गेली.

"काका, ते कुत्रं मी नाटकापुरतं घातलं होतं. मॅचमध्ये नव्हतंच."

कृष्णात म्हणाला, "पोरी, तवा तू पाळण्यात तरी हुतीस का? आमाला शिकवतीया!"

हंबीरराव उठून उभे राहिले. "आरं, खरंच न्हवतं कुत्रं! बॉल माझ्या पायातनं गेला. अन् त्यात भुंकलाय तो मीच हाय!"

"ते नाटकातलं. आमी ग्राउंडवरल्याचं बोलतोय."

विजयसिंहानं क्रांतीला बाजूला घेतलं. "भिजवलेलं बदाम देत जा बाबाला. लई विसराय लागलाय."

चहा आला. पहिला कप हंबीररावांपुढंच धरला गेला. त्यांनी लेकीकडं बघितलं. हसू दाबायला तिनं तोंडाला पदर लावला होता. ते मधल्या जागेवर ऐसपैस बसले आणि फुर्रकन घोट घेतला.

"मग रंग तरी एक ठरवा की, लेकांनो."