चार पावलांवरचा मायक्रोस्कोप

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे, आणि आज मी रागावून बोलणार आहे.

१९९६ साली मला वसईतल्या एका छोट्या संशोधन केंद्रात आणले. माझी भिंगे खालून वर बघतात, म्हणून बशीतल्या द्रवात वाढणाऱ्या जिवंत पेशी त्यांना न हलवता मला दिसतात. पाहुणे आले की सगळे मला दाखवत. मी मिरवत असे, खोटे कशाला बोलू?

माझ्याकडून खरे काम करून घेतले ते वसुंधरा मॅडमनी. त्या चंदनसारहून येत. त्यांच्या बशांमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी असत. शरीरातली पेशी बिघडली की आपली आपण मरते, तशी सोयच तिच्यात असते. या पेशींनी ती सोय अडवून धरली होती. औषध घातले तरी त्या मरत नसत. मॅडमचे म्हणणे असे, की एका औषधाने ही अडवणूक मोडावी आणि मग दुसऱ्याने पेशी माराव्यात.

आल्बिनाबाई आमच्याकडे काचेची भांडी धुवत. त्या आगाशीजवळच्या गावातल्या. त्यांना हाच आजार झाला होता. आधी औषध लागू पडले, नंतर पडेनासे झाले. तरी त्या कामावर येत. घरी सगळे आपल्याकडेच बघत बसतात, ते त्यांना नको होते. रोज बशा धुताना त्या विचारत, "मॅडम, मेल्या काय?"

"नाही हो, अजून नाही."

एकेक औषध वेगवेगळे देऊन काही झाले नाही. २००३ च्या जानेवारीत मॅडमनी आधी एक दिले, दुसऱ्या दिवशी दुसरे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बघतो तर पेशी आक्रसून गेल्या होत्या, फुटून त्यांचे बारीक गोळे झाले होते. मॅडमनी आल्बिनाबाईंना स्टुलावर बसवून माझ्यातून बघायला सांगितले. बाईंनी बराच वेळ डोळा हलवला नाही.

"माझ्यातल्या पन अशाच मरतील?"

"ते मला सांगता येणार नाही, बाई. बशीतून माणसापर्यंत जायला फार वर्षे लागतात."

"लागू देत. कोनाला तरी उपयोग होईल."

मॅडमनी प्रयोग आणखी दोनदा केला. तेच घडले. मग त्यांनी आमच्या प्रमुखांना, रामनाथ सरांना, बोलावले. सर दारातच थांबले.

"बशीला इन्फेक्शन झालं असेल."

"सर, शेजारी बिनऔषधाची बशी आहे, तिच्यातल्या पेशी चांगल्या वाढताहेत. एकदा डोळा लावून बघा."

सरांनी घड्याळ बघितले. माझ्यापासून ते चार पावलांवर होते.

"सर, बघा ना," आल्बिनाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय कळतं यातलं?"

"माझ्या अंगात हाय तो. मला नाय कळनार तर कोनाला कळनार?"

सर निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रयोग बंद करायला लावला.

मे महिन्यात आल्बिनाबाई गेल्या. त्या औषधांनी त्या वाचल्या असत्या असे मी म्हणत नाही, ते खोटे ठरेल. माझा संताप वेगळा आहे. त्या दुखणाईत बाईने विनंती केली आणि एका शिकलेल्या माणसाला चार पावले टाकवली नाहीत.

मॅडम प्रयोगाची वही घेऊन दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे दुसऱ्या लोकांनी, दुसऱ्या मायक्रोस्कोपवर तेच करून बघितले. त्यांनाही तेच दिसले. २००६ मध्ये त्यावरचा मॅडमचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा सरांनी त्याचे पहिले पान फ्रेम करून भिंतीवर लावले. पाहुण्यांना ते सांगतात, "सुरुवात आमच्याच इथे झाली." त्या फ्रेमखाली मी उघडा पडून आहे. माझ्या भिंगांवर बुरशी आली आहे.

मागच्या महिन्यात मॅडम येऊन गेल्या. फ्रेम बघून त्यांनी पर्समधून निबंधाचे शेवटचे पान काढले आणि मोठ्याने वाचले. तिथे आभार होते, आणि आभारात पहिले नाव आल्बिनाबाईंचे. मॅडमनी ते पान फ्रेमच्या खाली चिकटपट्टीने लावले.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते काढून टाकले.

मित्रांनो, माझी भिंगे पुसायला कोणी नसले तरी चालेल. पण तुमच्यासमोर कोणी काम ठेवून "बघा" म्हणाले, तर आधी बघा. नाही म्हणायचे असेल तर ते नंतर म्हणा. आणि ज्याचे नाव लिहिलेले आहे, त्याचे नाव भिंतीवर राहू द्या.