रीडलचा मेंदू आणि नाकाचा कौल

मिलवॉकीतलं आमचं मुखवट्यांचं दुकान वडिलांपासूनचं. अध्यक्षपदाची निवडणूक असली की ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनच्या, म्हणजे सोंगं घेण्याच्या सणाच्या, आधी आम्ही दोन्ही उमेदवारांचे रबरी मुखवटे करतो. ज्याचा मुखवटा जास्त खपतो तोच निवडून येतो, अशी आमच्या दुकानाची ख्याती. वडिलांचा अंदाज कधी चुकला नव्हता, माझाही नाही. त्यामुळे ऑक्टोबर लागला की टीव्हीवाले दारात, आणि मी कडक इस्त्रीच्या शर्टात तयार.

त्या वर्षी सिनेटर हॅल्डेन आणि गव्हर्नर प्रुइट अशी लढत होती. हॅल्डेनचे मुखवटे मांडणीवर टिकत नव्हते. प्रुइटच्या चेहऱ्यांवर धूळ बसायला लागली होती.

माझी थोरली बहीण अडेल विद्यापीठात मेंदूवर संशोधन करायची, पण हॅलोविनच्या गर्दीत ती संध्याकाळी दुकानात येऊन मुखवट्यांच्या भुवया रंगवायची. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला. तिच्या ताब्यात तेव्हा आंटोन रीडल या थोर भौतिकशास्त्रज्ञाचा मेंदू होता. मरणोत्तर दान त्यांनी स्वतःच केलं होतं. विद्यापीठाला तो काचेच्या पेटीत मांडायचा होता आणि पेटीवर बाण काढायचा होता, की अलौकिक बुद्धी नेमकी इथे होती. बाण कुठे काढायचा ते अडेलने सांगायचं, एवढंच बाकी होतं.

टीव्हीची वार्ताहर मार्सी आली, तिच्यासमोर मी हॅल्डेनचा विजय जाहीर करून टाकला. थेट प्रक्षेपण चालू होतं. तेवढ्यात मार्सीने ब्रश घेऊन बसलेल्या अडेलला ओळखलं आणि माईक तिच्याकडे वळवला. रीडलच्या मेंदूत काय वेगळं सापडलं, असं तिने विचारलं.

"डावीकडची एक घडी जरा रुंद आहे," अडेल म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता. "पण तशीच घडी एका बसड्रायव्हरच्या मेंदूतही आहे, आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्या एका बाईंच्याही. आम्ही नावं झाकून सगळे मेंदू शेजारी शेजारी मांडले. आमच्या विभागात कुणालाच रीडल ओळखता आला नाही. मलासुद्धा नाही."

"म्हणजे बुद्धी मेंदूत नसतेच?"

"मेंदूतच असते, जाईल कुठे? पण मेलेल्या मेंदूचा आकार बघून मला ती दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर मी बाण काढणार नाही." एवढ्यावर ती थांबली असती तरी चाललं असतं, पण तिने ब्रश माझ्याकडे रोखला. "आमच्या वॉरनचंही तेच. हॅल्डेनचं नाक मोठं आहे म्हणून मुखवटा खपतोय. त्याला मतांशी काय घेणंदेणं?"

"अगं, तुला कुणी विचारलं का?" मी म्हणालो. सगळ्या शहराने ते ऐकलं. मी मात्र हॅल्डेनवर ठाम राहिलो.

दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. देणगीदार नाराज होते. बाण दाखव, नाहीतर हे काम दुसऱ्याकडे जाईल, असं त्यांनी सुनावलं. अडेलने मेंदू ठेवलेल्या कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, काम खुशाल द्या, निष्कर्ष मात्र मी छापणार. मग ती थेट दुकानात आली आणि भुवया रंगवायचे राहिलेले मुखवटे मागायला लागली. तिच्या चेहऱ्यावर काळजीचं नाव नव्हतं. झोप उडाली होती ती माझी.

त्याच आठवड्यात एक उंच, वयस्कर बाई दुकानात शिरल्या आणि अडेल कुठे आहे म्हणून विचारू लागल्या. त्या हाना रीडल, आंटोन रीडल यांच्या पत्नी. त्यांनी तो कार्यक्रम पाहिला होता. मी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत.

"आंटोन रोज सकाळी स्वयंपाकघरात बसून गणितं करायचा आणि दुपारी फाडून टाकायचा," त्या अडेलला म्हणाल्या. "अशी किती वर्षं गेली. आता लोक मला विचारतात, कवटीच्या कुठल्या कोपऱ्यात होतं हो ते सगळं? मी काय सांगू त्यांना?"

अडेल म्हणाली, "स्वयंपाकघराचं सांगा."

त्या हसल्या. तिथून निघून त्या विभागप्रमुखांकडे गेल्या आणि म्हणाल्या, बाण काढलात तर मी दान परत मागेन. किल्ली अडेलकडे परत आली.

नोव्हेंबरात निकाल लागला. प्रुइट दणदणीत मताधिक्याने निवडून आले. या वेळी टीव्हीवाले आपणहून फिरकले नाहीत, म्हणून मीच मार्सीला फोन करून बोलावलं. नाकाबद्दल माझी बहीण बरोबर होती, असं मी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. लोकांना वाटलं होतं मी तोंड लपवीन. उलट त्या दिवशी दुकानात जितके लोक हात मिळवायला आले तितके कधी आले नव्हते.

पुढच्या वसंतात विद्यापीठाचं दालन उघडलं. अडेलने एका रांगेत सारख्याच बरण्या मांडल्या होत्या. एकीवरही नाव नव्हतं. यातला रीडल ओळखा, एवढंच भिंतीवर लिहिलं होतं. लोक वाकून, चष्मे सरसावून बघत होते आणि आपसात वाद घालत होते. मीही छातीठोकपणे एक बरणी दाखवली. अडेलने खांदे उडवले.

हाना रीडल रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेल्या. प्रत्येक बरणीपुढे त्या सारखाच वेळ थांबल्या. अडेलने हळूच विचारलं, सांगू का कुठला ते?

"नको," त्या म्हणाल्या. "सगळेच बरे दिसतायत."

मग त्यांनी अडेलचा हात धरला आणि दोघी बाहेर उन्हात गेल्या.